लेआऊटमध्ये शाळेची इमारत: अर्ज, समझोता, दिवाणी दावा की हायकोर्ट?

प्लॉटवर जेसीबी लागतो, दोन दिवसांत कळतं की इथे शाळा होणार, आणि तिसऱ्या दिवशी लेआऊटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, ग्रुपवर सह्यांची मोहीम सुरू होते. ‘आमचा शाळेच्या बांधकामाला तीव्र विरोध आहे’ असं एका ओळीचं निवेदन नागपूर महापालिकेच्या झोन कार्यालयात जातं आणि तिथेच राहतं. त्याला कारण आहे. महाराष्ट्रात साध्या बांधकाम परवानगीच्या आधी शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकण्याची पायरीच कायद्यात नाही. हरकती मागवल्या जातात त्या विकास आराखड्यात फेरबदल करताना, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली. झाडं तोडायची असतील तर वृक्ष अधिकाऱ्याच्या नोटिशीवर. मंजुरीविरुद्ध कलम ४७ चं अपील करावं असं कोणी सुचवेल, पण ते अपील परवानगी मागणाऱ्यासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही.

मग उरतात चार वाटा: माहिती अधिकारात फाइल काढून नियोजन प्राधिकरणाकडे (बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे) नेमकी तक्रार, शाळा बांधणाऱ्या संस्थेशी लेखी समझोता, दिवाणी न्यायालय, आणि हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. कोणती घ्यायची हे शाळा किती मोठी किंवा संस्था कोणाची यावर ठरत नाही. जमीन कागदावर काय आहे, यावर ठरतं.

आधी जमीन तपासा

नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला, आणि लेआऊटचा मूळ मंजूर नकाशा, एवढे कागद जमवा. चारपैकी एक चित्र समोर येईल.

विकास आराखड्यात ती जागा शाळेसाठीच आरक्षित असेल, तर ‘शाळा नको’ हा मुद्दा संपला. गेट कुठे, पार्किंग किती, पाणी कुठे जाणार, एवढंच बोलता येतं. हे मान्य करायला लोकांना जड जातं. घर घेताना तो नकाशा कोणी पाहिलेला नसतो.

निवासी प्लॉट असेल, बहुधा दोन-तीन प्लॉट एकत्र केलेले, तर निवासी वापरात शाळा बसते, पण रस्त्याची रुंदी, चारही बाजूंची मोकळी जागा, पार्किंग आणि अग्निसुरक्षा या अटींवर. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत शैक्षणिक इमारतींच्या अटी घरांपेक्षा वेगळ्या आहेत. तुमची लढाई या अटींवर होते. एकत्रीकरणाचा आदेश फाइलमध्ये आहे का, हेही पाहाच.

सार्वजनिक उपयोगाची जागा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘पीयू लॅन्ड’ म्हणतात ती, संस्थेला लीजवर दिलेली असेल तर लीजपत्र मिळवा. कोणत्या कारणासाठी दिली, किती वर्षांसाठी, आणि बांधकाम किती मुदतीत सुरू करायचं होतं, या तीन ओळींत बरंच काही दडलेलं असतं.

आणि मंजूर लेआऊटमध्ये ती जागा ‘ओपन स्पेस’, बगीचा किंवा मैदान म्हणून दाखवलेली असेल, तर रहिवाशांची बाजू सगळ्यात भक्कम. बंगळुरूत बगीच्याची जागा खासगी रुग्णालयाला देणं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये मुद्दप्पा प्रकरणात रद्द केलं आणि परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही स्पष्ट केलं. दिल्लीतल्या खजुरिया प्रकरणात (१९९५) तर बगीच्याच्या जागेवरची नर्सरी शाळाच होती. ते वाटपही टिकलं नाही. ‘शिक्षणासाठीच तर आहे’ हा युक्तिवाद तिथे चालला नाही.

नागपूरचा एक खास घोळ इथेच सांगायला हवा. फाइल महापालिकेच्या नगररचनेत की नागपूर सुधार प्रन्यासमध्ये? गुंठेवारीतले (मंजुरीविना तुकडे पाडून विकलेले) लेआऊट, प्रन्यासच्या जुन्या योजना आणि महापालिकेची हद्द एकमेकांत मिसळलेल्या आहेत, आणि गेल्या काही वर्षांत परवानगीचे अधिकार इकडून तिकडे आणि परत असे फिरलेत. मंजुरीच्या तारखेला अधिकार कोणाकडे होता ते बघा. शंका असेल तर दोन्हीकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क प्रत्येकी १० रुपये. शहराच्या कडेला असाल तर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, ही तिसरी शक्यता.

चार वाटा, एका नजरेत

| वाट | हाती काय लागतं | वेळ | कुठे फसते |
|---|---|---|---|
| माहिती अधिकार आणि तक्रार | कागद, मोजणी, काम थांबवण्याची नोटीस | ३० दिवसांपासून पुढे | मोघम अर्ज, उशीर |
| लेखी समझोता | गेट, वेळा, बस, निचरा | काही आठवडे | नकाशात न उतरलेली आश्वासनं |
| दिवाणी दावा | भिंत, हद्द, उजेड, वहिवाट | वर्षं | अधिकारक्षेत्राचा आक्षेप |
| हायकोर्ट | स्थगिती, परवानगी रद्द | अंतरिम आदेश लवकर, निकाल उशिरा | आधी तक्रार नसणं, बांधकाम पुढे जाणं |

माहिती अधिकार आणि तक्रार

ही वाट चुकवता येत नाही. बाकी तिन्हींना इथूनच दारूगोळा मिळतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा. ‘सदर बांधकामाची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर ठरलेलं. नेमकं मागा: मंजूर नकाशाची प्रत, परवानगीपत्र आणि त्यातल्या अटी, पार्किंगचा हिशेबतक्ता, अग्निशमन विभागाचं तात्पुरतं ना-हरकत प्रमाणपत्र, जोते (प्लिंथ) तपासणीचा अहवाल, एकत्रीकरणाचा आदेश, वृक्षतोडीची परवानगी. प्रत पानाला २ रुपये. सोबत फाइल पाहण्याचीही मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नसतं, आणि नकाशाच्या मागे लागलेल्या टिपण्या फाइल उलटल्याशिवाय दिसत नाहीत.

संस्था ‘त्रयस्थ पक्ष’ आहे म्हणून नकाशा अडवला, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ नुसार त्यांना म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात आणि निर्णय ४० दिवसांत व्हायला हवा. नुसत्या हरकतीने माहिती नाकारता येत नाही. पहिलं अपील ३० दिवसांच्या आत, दुसरं ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. पण तोवर स्लॅब पडतो. म्हणून अर्जाच्या निकालाची वाट न पाहता जागेवरचा फलक वाचा. परवानगी क्रमांक, तारीख, आर्किटेक्टचं नाव त्यावर असणं बंधनकारक आहे. फलकच नसेल तर तोच तक्रारीचा पहिला मुद्दा.

तक्रार लिहिताना भावना बाजूला. ‘मंजूर नकाशात पूर्वेला इतके मीटर मोकळी जागा, प्रत्यक्षात इतकी, फोटो आणि टेपने घेतलेलं माप सोबत’ अशी दोन वाक्यं शंभर सह्यांपेक्षा जड. मंजुरीविरुद्ध काम चालू असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५४ खाली काम थांबवता येतं. परवानगीच खोट्या माहितीवर घेतली असेल, म्हणजे ९ मीटरचा रस्ता १२ मीटर दाखवला असेल, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्तांना ती रद्द करता येते. नगररचना अधिनियमाचं कलम ५१ सुद्धा रद्द करण्याचंच आहे, पण त्यात एक मेख आहे: बांधकाम बरंच पुढे गेल्यावर ते वापरता येत नाही, आणि रद्द केल्यास झालेल्या खर्चाच्या भरपाईचा प्रश्न येतो. ती भरपाई प्राधिकरणाला द्यावी लागेल म्हणून अधिकारी हात आखडता घेतात.

एक नाजूक गोष्ट. रस्ता अरुंद आहे म्हणून तक्रार केली की मोजणी होते, आणि मोजणीत पहिल्यांदा सापडतो तो तक्रारदाराचा स्वतःचा ओटा, गाडीचा उतार आणि कंपाउंडबाहेरची बाग. दोन्ही बाजूंनी मीटर-मीटर खाल्लेला रस्ता नकाशावर पूर्ण रुंदीचाच असतो. आधी आपली ओळ सरळ आहे का ते बघावं.

समझोता

जमीन शाळेची किंवा निवासी असेल आणि नकाशा नियमात असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: इथेच जोर लावा. लोक मात्र ‘आम्ही झुकलो’ असं वाटेल म्हणून ही वाट शेवटी घेतात, आणि तोवर गेटचा कॉलम उभा झालेला असतो.

खरा त्रास वर्ग भरतात तेव्हा नसतो, सुटतात तेव्हा असतो. हिशेब मांडून पाहा. ८०० मुलांची शाळा, निम्मी पालकांच्या दुचाकीवर, म्हणजे ४०० गाड्या. सकाळी २० मिनिटांच्या अवधीत प्रत्येक गाडी सरासरी ६ मिनिटं थांबली, तर एका वेळी १२० गाड्या रस्त्यावर. शेजारी-शेजारी लावल्या आणि एकेकीला ८० सेंटिमीटर धरले तरी ९६ मीटरची ओळ. प्लॉटची रस्त्याकडची बाजू ४० मीटर असेल, तर उरलेली ओळ तुमच्या फाटकासमोर. सुटताना पालक आधीच येऊन थांबतात, म्हणून दुपारचा आकडा याहून मोठा. हा कागद संस्थेच्या सचिवांसमोर ठेवला की बोलणी घोषणांवरून मीटरवर येते.

मागण्या अशा हव्यात: मुख्य गेट रुंद रस्त्याकडे, गल्लीकडचं फक्त आपत्कालीन, बस आणि व्हॅन आवारात येऊन वळतील एवढी जागा, प्राथमिक आणि माध्यमिक सुटण्यात किमान ३० मिनिटांचं अंतर, प्रार्थनेचे भोंगे आतल्या बाजूला, जनरेटर शेजारच्या बेडरूमपासून दूर. स्कूल बसबाबत २०११ च्या राज्य नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तिच्यात वाहतूक पोलिसांचाही प्रतिनिधी असतो. बसथांब्याचा विषय तिथे लेखी नेता येतो.

निचऱ्याकडे दुर्लक्ष होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलावाखालच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, हे नागपूरकरांना सांगायला नको. भराव टाकून जोते उंच केलं आणि आवार पेव्हर ब्लॉकने झाकलं की पूर्वी मुरणारं पाणी शेजाऱ्याकडे वाहतं. जोत्याची उंची, पावसाळी नालीची जोडणी आणि पुनर्भरणाचा खड्डा नकाशात मागा.

नकाशात, हे महत्त्वाचं. ५०० रुपयांच्या मुद्रांकावरचा करार संस्था आणि तुमच्यात. तो मोडला तर महापालिका काहीच करणार नाही, तुम्हालाच कोर्टात जावं लागेल. गेटची जागा सुधारित नकाशात मंजूर झाली, तर भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे पूर्ण झालेली इमारत वापरायच्या परवानगीच्या, वेळी ती तपासली जाते. वेळापत्रकासारख्या नकाशात न बसणाऱ्या अटींसाठी करार ठेवा, पण सही संस्थेच्या अध्यक्षांची किंवा सचिवांची आणि सोबत कार्यकारिणीचा ठराव. मुख्याध्यापकांची सही पुरत नाही, ते बदलतात.

शाळेमुळे गल्लीला काही मिळतंही. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे, म्हणजे कोपऱ्यावरचा पानठेला हटवण्याचं कारण आयतंच मिळतं. (ठेल्याचे नियमित गिऱ्हाईक लेआऊटमधलेच असतात, तो भाग वेगळा.) शांतता क्षेत्राचं मात्र गृहीत धरू नका, २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्याने जाहीर केल्याशिवाय ते आपोआप लागू होत नाही.

दिवाणी दावा

सामाईक भिंत, हद्द, २० वर्षांपासूनचा उजेड-वारा एवढ्यापुरताच. उजेड-वाऱ्याचा हक्क देणारा १८८२ चा वहिवाटीचा कायदा मध्य प्रांतात सुरुवातीपासून लागू होता, त्यामुळे नागपूरला तो मुंबईच्याही आधीचा. पण परवानगीलाच आव्हान द्याल तर नगररचना अधिनियमाच्या कलम १४९ चा अडसर समोर येतो: त्या कायद्याखालच्या आदेशाला दिवाणी दाव्यात आव्हान देता येत नाही. महापालिकेला पक्षकार करायचं असेल तर एक महिन्याची पूर्वसूचनाही लागते.

हायकोर्ट

ओपन स्पेसचं प्रकरण असेल तर जोते होण्याआधी इथे पोहोचा. नियमात बसणाऱ्या शाळेविरुद्ध मात्र ही सगळ्यात महागडी आणि कमी उपयोगाची वाट. तिथे बहुतेक वेळा ‘प्राधिकरणाने तक्रारीवर सुनावणी घेऊन अमुक आठवड्यांत निर्णय द्यावा’ एवढाच आदेश मिळतो. त्यासाठीही आधी तक्रार दिलेली हवी, आवक क्रमांकासह.

‘नागरिक कृती समिती’ नोंदणीकृत नसेल तर तिच्या नावाने याचिका करू नका. दोन-तीन रहिवाशांनी स्वतःच्या नावाने करावी. लागून घर असलेल्याचं हित थेट आहे, त्याने जनहित याचिकेऐवजी स्वतःच्या हक्कासाठी साधी रिट याचिका करणं सरळ. संस्थेने कॅव्हेट (‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये’ असा आगाऊ अर्ज) टाकून ठेवली असेल तर एकतर्फी स्थगिती विसरा.

कॅलेंडरही बघा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात, म्हणून मार्च ते मे काम दिवसरात्र चालतं, आणि नेमकी मे महिन्यात हायकोर्टाला उन्हाळी सुटी असते. सुटीतल्या खंडपीठासमोर फक्त तातडीचं. प्रवेश होऊन मुलं वर्गात बसली की स्थगिती मिळणं फार अवघड. म्हणून कागद दिवाळीपर्यंत हातात हवेत आणि याचिका करायचीच असेल तर ती संक्रांतीच्या आसपास दाखल व्हायला हवी. तो मुहूर्त हुकला असेल तर सगळी ताकद भोगवटा प्रमाणपत्रावर लावा: संस्थेचा अर्ज जाण्याआधीच नगररचना आणि अग्निशमन विभागाला नकाशातल्या तफावतींची मुद्देसूद यादी द्या, आणि तपासणीच्या दिवशी दोघं जण टेप घेऊन हजर राहा.