जनरेटरची धडधाकट बॅटरी ‘डेड’ ठरवली गेली, त्याची हकीकत

आमच्या ठाण्यातील गृहसंस्थेत लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी ८२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. गेल्या पावसाळ्यात वीज गेली असता तो सुरू होईना. बटण दाबले की सोलेनॉइडचा (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचचा) ‘टक’ असा आवाज येई, इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेई आणि अडून बसे. देखभालीचा वार्षिक करार ज्या ठेकेदाराकडे होता, त्याच्या मेकॅनिकने आल्या आल्या बॅटरी ‘डेड’ आणि सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) ‘जळालेला’ असा निकाल दिला आणि दोन्हींचे मिळून सुमारे ४२ हजार रुपयांचे अंदाजपत्रक पुढे केले. हा निकाल त्याने कसा ‘सिद्ध’ केला, ते इतर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी नीट समजून घ्यावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सेक्रेटरींना आणि आम्हा काही सभासदांना जवळ बोलावून त्याने मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला आणि काळी पिन इंजिनच्या ब्लॉकवरील एका बोल्टला लावली. बटण दाबताच १२.५ व्होल्टचा आकडा ८ च्याही खाली घसरला. “९.६ च्या खाली गेली म्हणजे बॅटरी संपली, कुणालाही विचारा,” असे तो म्हणाला. नियम खरा आहे: सेल्फ फिरत असताना चांगल्या स्थितीतील १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. पण तो दाब बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर मोजायचा असतो. काळी पिन इंजिनला लावल्यामुळे निगेटिव्ह खुंट ते ब्लॉक ही अर्थची केबल आणि तिचे दोन्ही जोड मोजमापाच्या वाटेत आले, आणि केबलचा दोष बॅटरीच्या माथी मारला गेला.

सेल्फचे प्रकरण याहून वाईट. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यावे, हे या व्यवसायातल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. या गृहस्थाने बटण मुद्दाम दाबून धरले, खालून गरम रबराचा वास येऊ लागला आणि मग “बघा, जळका वास येतोय” म्हणून आम्हालाच साक्षीला घेतले. वरच्या मजल्यांवरील वृद्ध सभासद लिफ्टअभावी अडकले होते, त्यामुळे खर्चाला तिथल्या तिथे मंजुरी मिळाली. त्याच संध्याकाळी नवी बॅटरी आणि ‘नवा’ सेल्फ बसला आणि जनरेटर सुरूही झाला. जुनी बॅटरी लगेच घेऊन जाण्याची मेकॅनिकला फार घाई होती; मात्र समितीच्या ठरावाशिवाय भंगार विकायचे नाही, असा आमच्याकडे दंडक असल्याने खजिनदारांनी ती पंपरूममध्ये ठेवून घेतली.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा तोच ‘टक’ आवाज. या खेपेस एका सभासदांच्या ओळखीचे, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी दोन्ही पिना क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटांवर टेकवून सेल्फ फिरवायला लावला, तेव्हा दाब ११ व्होल्टच्या आसपास टिकून राहिला. मग एक पिन निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा बटण दाबले, तर मीटरने ३ व्होल्ट दाखवले, म्हणजे तेवढा दाब केबलमध्येच वाया जात होता. धडक्या केबलमध्ये हा आकडा ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त नसतो. निगेटिव्हची जोडणी आधी सोडवून त्यांनी ब्लॉकवरचा बोल्ट काढला. थिंबलखाली (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली) हिरवट-पांढरी भुकटी साचली होती, केबलच्या तारा काळ्या पडून त्यातल्या कित्येक तुटल्या होत्या, आणि थिंबल जिथे टेकते तिथला रंगही खरवडलेला नव्हता. पावसाळ्यात नवी बॅटरी लावताना हा बोल्ट हलला आणि आवळला गेला असावा, म्हणूनच तेवढ्यापुरता जनरेटर चालला. केबल मागे कापून नवे थिंबल दाबले, जागा पॉलिश पेपरने घासली, वर पेट्रोलियम जेली लावली. खर्च काहीशे रुपये.

पंपरूममधली जुनी बॅटरी त्यांनी चार्ज करून रात्रभर तशीच ठेवायला सांगितली, कारण चार्जर काढल्या काढल्या मीटर जो चढा आकडा दाखवतो तो फसवा असतो. (जुन्या बॅटऱ्या ‘रिकंडिशन’ म्हणून विकणारे हाच आकडा दाखवतात.) सकाळी दाब १२.६ व्होल्ट भरला. हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने) सहाही सेलमधले आम्ल तपासले, तर आकडे १.२६० ते १.२७० च्या दरम्यान होते. एखादा सेल खराब असता तर तो इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक खाली दिसला असता. तीच बॅटरी जोडली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले.

मग सेल्फची पाळी आली. त्याच्यावर ताजा रंग होता, पण तो नटच्या आट्यांवर आणि नंबरपट्टीवरही फासलेला होता. नखाने खरवडल्यावर दिसलेला क्रमांक जनरेटर खरेदीच्या कागदपत्रांतल्या सेल्फच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. आमचाच सेल्फ रंगवून आम्हालाच विकला होता.

छायाचित्रांसह लेखी पत्र दिल्यावर ठेकेदाराने सेल्फचे पैसे धनादेशाने परत केले. बॅटरी मात्र अस्सल आणि वॉरंटीची आहे, असे सांगून तिची रक्कम नाकारली. समितीने करार रद्द केला असून, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. नव्या करारात सेल्फ फिरत असतानाचा खुंटांवरचा दाब आणि दोन्ही केबलमधली दाबाची घट प्रत्येक भेटीत वहीत लिहून सभासदाची सही घ्यावी, तसेच बदललेला प्रत्येक भाग संस्थेच्या ताब्यात द्यावा, अशी अट घातली आहे. पहिल्या ज्या ठेकेदाराला ही अट वाचायला दिली, त्याने दर कळवतो म्हणून सांगितले आणि नंतर फोन उचलला नाही. दुसऱ्याने वाचून तिथेच सही केली.