फोकसमेट: थीसिसला अनोळखी सोबत, संध्याकाळ मैत्रिणींना

पीएचडीत कोर्सवर्क संपलं की एक विचित्र काळ सुरू होतो. वर्ग नसतात, बॅचमधले सगळे आपापल्या चॅप्टरमध्ये बुडालेले असतात. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही, आणि तरी कुणाला भेटायलाही सवड नसते. काम सकाळपासून रात्रीपर्यंत पातळ होऊन पसरतं. मैत्रीण ‘येतेस का’ म्हणून विचारते तेव्हा अर्धा परिच्छेद राहिलेलाच असतो. याच काळात मी फोकसमेट, म्हणजे अनोळखी माणसासोबत व्हिडिओवर काम करायची ऑनलाइन सेवा, वापरायला लागले आणि आजही वापरतेय, म्हणून हे सविस्तर लिहिते.

प्रकार साधा आहे. कॅलेंडरवर वेळ निवडायची: 25, 50 किंवा 75 मिनिटं. त्या वेळेला जगाच्या पाठीवरचं कुणीतरी तुमच्याशी जोडलं जातं. व्हिडिओ ब्राउझरमध्येच उघडतो. नमस्कार होतो, आपण काय करणार ते दोघंही एका वाक्यात सांगतात, माइक बंद होतात, कॅमेरे चालू राहतात. वेळ संपली की किती झालं ते सांगायचं आणि निरोप घ्यायचा. बस्स, एवढंच.

एवढ्याने काम कसं होतं? शेजारी कुणी असलं की हात चालतो, ही गोष्ट संशोधनात फार जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेटने 1898 मध्ये सायकलस्वारांच्या वेळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने पळवणाऱ्यापेक्षा सोबतीने पळवणारा जोरात जातो असं त्याला दिसलं. रॉबर्ट झायन्सने 1965 मध्ये त्यात एक महत्त्वाची पुस्ती जोडली: सोबतीमुळे सरावाचं काम सुधारतं, पण नवं आणि अवघड काम अडखळतं. फोकसमेट घेणाऱ्या प्रत्येक रिसर्च स्कॉलरने हे आधी समजून घ्यावं. संदर्भसूची लावणं, मुलाखतींचं लिप्यंतरण, गाईडने लाल केलेल्या ड्राफ्टची दुरुस्ती, आकृत्यांचे मथळे या कामांना याच्यासारखी सोबत नाही. पण युक्तिवाद मुळातून उभा करायचा असतो, एकेका वाक्याशी झुंजायचं असतं, तेव्हा मी कॅमेरा लावतच नाही. तिथे मला पूर्ण एकांत लागतो.

आता माणसांबद्दल, कारण मला या सेवेत सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. एकदा समोर एक शिक्षक होते. ‘आज पेपर तपासायचे’ म्हणून त्यांनी गठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरला. पन्नास मिनिटं मी मान वर केली की दिसायचं: डावीकडचा ढीग उतरतोय, उजवीकडचा चढतोय, आणि मध्येच एका पेपरवर पेन थांबलंय. मग ते मागे टेकून तोच पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. सेशन संपल्यावर मी त्या पेपरबद्दल विचारलं. म्हणाले, ‘उत्तर चुकीचं आहे, पण पोराने विचार स्वतः केलाय. अर्धे गुण कुठून द्यावेत ते शोधत होतो.’ ते परत कधी जोडले गेले नाहीत. मी स्वतः पेपर तपासायला बसते तेव्हा मात्र ते थांबलेलं पेन मला आठवतं.

अशा ओझरत्या गाठीभेटींना कमी लेखू नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने 1973 मध्ये दाखवून दिलं की नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखीतून येते. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या 2014 च्या अभ्यासात, ज्या दिवशी विद्यार्थ्यांचं नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी बोलणं झालं त्या दिवशी ते जास्त आनंदी होते. वर्ग संपल्यावर पीएचडीवाल्यांचं तुटतं ते नेमकं हेच. जिवलग मैत्रिणी फोनवर असतात. जाता-येता हात करणारे, ‘काय गं, झाला का चॅप्टर’ विचारणारे गळून गेलेले असतात. त्यातलं थोडं फोकसमेट परत मिळवून देतं.

मैत्री मात्र ते देत नाही, आणि कुणी त्या आशेने येऊ नये. सेशनमध्ये गप्पा मारत बसायचं नाही, हा नियमच आहे आणि तो योग्य आहे. जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण 50 तास लागतात, जिवलग व्हायला 200 च्या वर. त्यातही सोबत काम केलेल्या तासांनी फारशी जवळीक येत नाही, रिकामटेकड्या गप्पांच्या तासांनी येते. म्हणजे ते तास दुसरीकडूनच काढावे लागतात. माझा हिशेब तिथेच जुळला. दुपारची सेशन्स ठरलेल्या वेळी संपतात, म्हणून संध्याकाळी मी खरोखर मोकळी असते. मैत्रिणीसमोर बसल्यावर डोक्यात तळटिपा फिरत नाहीत.

दोन उपयोग मी स्वतःचे काढलेत. आठवड्यातलं एक 25 मिनिटांचं सेशन मी मैत्रिणींच्या राहिलेल्या निरोपांना देते. समोरच्याला सरळ सांगते, ‘मित्रमंडळींना उत्तरं लिहितेय.’ आजवर कुणी हसलेलं नाही, उलट एकीने स्वतःचं काम बाजूला ठेवून तेच केलं. दुसरा उपयोग असा, की आपली लिंक पाठवून ओळखीच्या माणसाबरोबरही सेशन लावता येतं. माझी शाळेतली मैत्रीण सीएच्या परीक्षेचा अभ्यास करते. आम्ही 75 मिनिटं एकमेकींसमोर गप्प बसतो आणि लॉगआउट केल्या केल्या फोन लावतो. ते बोलणं तासभर चालतं.

खटकण्यासारखंही आहे. जोडीदार कधी येतच नाही. दुसरा मिळतो, पण सुरुवातीची लय मोडते. घड्याळाप्रमाणे न संपणारी कामं असलेल्यांना, म्हणजे प्रयोगशाळेत उभं राहणाऱ्यांना, हे झेपणं कठीण आहे. हजेरीचा आकडा इतरांना दिसतो, त्यामुळे चुकवलेलं सेशन लपत नाही. आणि घरात कॅमेऱ्यासमोर बसण्याइतका निवांत कोपरा सगळ्यांकडे नसतो. अशांसाठी लायब्ररीतलं समोरासमोरचं टेबल केव्हाही बरं.

आठवड्याला तीन सेशन्स फुकट मिळतात. पैसे भरायच्या आधी महिनाभर तेवढ्यावरच चालवून बघा: दोन चॅप्टरला, एक मैत्रिणीला. आवडत्या जोडीदारांची खूण करून ठेवायची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून वापरा. तोच चेहरा पुन्हा दिसला की ‘मागच्या वेळचं झालं का?’ हा प्रश्न आपोआप येतो.