आठ महिने ग्रो लाइट वापरल्यावर: पानं लगेच आली, फुलांनी रडवलं

खिडकीत जागा उरली नाही म्हणून आठ महिन्यांपूर्वी एलईडी ग्रो लाइटची, म्हणजे घरात झाडं वाढवायच्या दिव्याची, दोन फुटी पट्टी घेतली, लाल-निळ्या दिव्यांची. तिच्याखाली जिरेनियम, आफ्रिकन व्हायोलेट, कलांचो आणि शेवंती.

पहिला महिना उंची जुळवण्यातच गेला. पट्टी दोन फुटांवर टांगली होती. खोलीभर जांभळा उजेड, पण जिरेनियम नुसतं लांबुळकं झालं, दोन पानांत बोटभर अंतर. एका फुटावर आणल्यावर नवी पानं जवळजवळ फुटली. व्हायोलेटला मात्र ते सोसेना. मधली पानं आखडून त्यांचा घट्ट गोळा झाला होता आणि ती फिकट पडल्याचं कुंडी खिडकीशी नेली तेव्हाच दिसलं. जांभळ्या उजेडात पानाचा खरा रंग कळत नाही, ही या दिव्याबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार. आता व्हायोलेट पट्टीच्या टोकाशी, जरा बाजूला असतं. तिथे बारा तासांच्या उजेडावर ते फुलत राहिलंय.

खरी फजिती शेवंती आणि कलांचोची. जास्त उजेड म्हणजे जास्त फुलं, या हिशेबाने रोज सोळा तास दिवा चालू. पानं मस्त जाडजूड, कळी एकही नाही. मी वर खतही वाढवलं, तो तर शुद्ध मूर्खपणा. ही दोन्ही झाडं रात्र मोठी झाली की कळ्या धरतात. दिवस-रात्रीच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मध्येच मांडला होता. मला तो चार महिने वाया घालवून कळला.

मग दहा तास उजेड, चौदा तास मिट्ट काळोख. कलांचोवर रोज संध्याकाळी पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायचो. दीड महिन्याने पानांच्या मधोमध मोहरीएवढ्या हिरव्या कळ्या दिसल्या. शेवंती खोक्यात मावेना, म्हणून दिवा बंद करून तशीच ठेवली, पण खोलीतली ट्यूब अकरापर्यंत चालू असायची. तिला काही कळ्या येईनात. रात्री न वापरल्या जाणाऱ्या खोलीत हलवली तेव्हा कुठे आल्या.

दिवा ठरल्या वेळी चालू-बंद करणारा टायमर चकतीचा आहे. वीज गेली की तोही थांबतो आणि वेळ मागे पडते, त्यामुळे अधूनमधून घड्याळाशी जुळवावा लागतो. पट्टी अजून ठणठणीत आहे. पुढची घेईन ती पांढऱ्या उजेडाची. जिरेनियम मात्र परत खिडकीत गेलंय.