‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’ वर्षभर वापरल्यानंतर: स्टॅट्स झकास, प्रजातींचं मूळ मात्र कापलेलं

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या पात्रं वठवायच्या खेळाच्या आमच्या गेल्या सेशनला ‘होल्ड पर्सन’ या जागी खिळवणाऱ्या स्पेलवरून (मंत्रावरून) अर्धा तास वाद झाला, म्हणून त्या खेळाच्या या पुस्तकाबद्दल लिहायला बसले. माझ्या भावाच्या विझार्डने (जादूगार पात्राने) गॉब्लिन सरदारावर तो स्पेल टाकला. स्पेल चालतो फक्त ह्युमनॉइडवर, म्हणजे माणसासारख्या जिवावर. या पुस्तकात खेळाडूने घ्यायचा गॉब्लिन ह्युमनॉइड आहे. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) समोर उभा करायचा गॉब्लिन मात्र फे, म्हणजे परीलोकातला जीव. म्हणजे आमच्या पार्टीतली (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतली) गॉब्लिन ‘रोग’, म्हणजे चोरट्या कसबाचं पात्र, या स्पेलने जागच्या जागी खिळणार आणि तो सरदार, जो कथेत तिचा सख्खा काका आहे, त्याला काहीच होणार नाही. एकाच घरातली माणसं, दोन वेगळे नियम! डीएम म्हणून हे मला खपत नाही.

पुस्तक घेतलं ते पैसे वाचवायला. ‘व्होलोज गाइड’ (२०१६) आणि ‘टोम ऑफ फोज’ (२०१८) ही दोन्ही जुनी पुस्तकं घेणं परवडणारं नव्हतं. २०२२ च्या या एकाच पुस्तकात त्यांतले मॉन्स्टर नव्याने लिहिलेत, वर खेळायला तीसेक प्रजाती. त्या हिशेबाने पैसे वसूल. स्पेल टाकणारे मॉन्स्टर चालवणं तर फारच सोपं झालंय, दर फेरीला स्पेल बघायला प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) चाळावं लागत नाही.

पण जागा वाचवायला कात्री लावली ती नेमकी कोण कुठून आलं यावर. गिथयांकी ही प्रजाती घ्या. माइंड फ्लेअर्स या मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसांचे गुलाम, गिथच्या नेतृत्वाखाली बंड करून सुटले, आणि सुटल्यावर लगेच आपसात फुटले. एक गट, म्हणजे गिथयांकी, भौतिक जगाबाहेरच्या अ‍ॅस्ट्रलमध्ये गेला, झर्थिमोनला मानणारे गिथझेराय लिंबो या गोंधळाच्या लोकात. अ‍ॅस्ट्रलमध्ये वय वाढत नाही, म्हणून तिथे मूल मोठंच होत नाही. अंडी उबवायला आणि पोरं वाढवायला गिथयांकींना आपल्या जगात तळ ठोकावा लागतो. (‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम खेळलेल्यांना लाएझेल या गिथयांकीचं क्रेश, म्हणजे असाच पोरं वाढवायचा तळ, आठवेल.) मित्राचं ‘टोम’ मागून आणलं आणि या तपशिलावर मी कॅम्पेनचा एक अख्खा टप्पा चालवला. पार्टी डोंगरातल्या ठाण्यावर चालून गेली, दार फोडलं, तर आत ओळीने अंडी. आमच्या बार्बेरियनने कुऱ्हाड खाली घेतली. असा प्रसंग स्टॅट ब्लॉकमधून (मॉन्स्टरच्या आकड्यांच्या चौकटीतून) सुचत नाही. ‘टोम’मध्ये यावर प्रकरणच्या प्रकरण आहे, इथे खेळाडूंसाठीच्या भागात सगळं थोडक्यात आटोपलंय.

गॉब्लिनच्या बाबतीत मात्र वापरता वापरता माझं मत पालटलं. इथे त्यांच्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे: मॅग्लुबिएत देवाने त्यांना जिंकण्याच्या खूप आधी गॉब्लिन हे क्वीन ऑफ एअर अँड डार्कनेस या फे राणीच्या दरबारी सेवेत होते. रोग खेळणाऱ्या माझ्या मावसबहिणीने ती वाचली आणि विचारलं, “मग आम्ही तिथून निघालो कशाला?” उत्तर पुस्तकात नाही. ते शोधायला पार्टी आता फेवाइल्डमध्ये (फेंच्या लोकात) शिरलीय, आणि इतकी मजा या कॅम्पेनमध्ये आधी कधी आली नव्हती. गॉब्लिनला जिंकून घेतलेला गुलाम म्हणून चालवणं वेगळं आणि हरवलेलं घर असलेला म्हणून चालवणं वेगळं.

म्हणूनच नव्या मॅन्युअलमधला फे गॉब्लिन मला पटतो. नोलचंही तसंच. यीनोगू या दैत्यराजाने मारलेली शिकार खाऊन तरसांचे नोल झाले ही जुनी कथा, आणि आता त्यांचा प्रकारच फीन्ड (दुष्ट पाताळी जीव) आहे, त्यामुळे होल्ड पर्सन त्यांच्यावरही चालत नाही. मूळ सांगायचं तर ते नियमापर्यंत असं पोचलं पाहिजे. मग खेळाडूच्याच गॉब्लिनला त्यातून का वगळायचं?

आमच्या टेबलावर मी निर्णय दिलाय: रोगसुद्धा फे. होल्ड पर्सनमधून ती सुटली, पण शत्रूने प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड (फे, फीन्ड अशांपासून वाचवणारा स्पेल) टाकला की त्याच्यावरचे तिचे हल्ले (दोन फाशांतला कमी आकडा धरून) डिसअ‍ॅडव्हांटेजने. तिने मान्य केलंय.

नियमांसाठी पुस्तक जरूर घ्या, पण पूर्ण किंमत देऊ नका, सवलतीची वाट बघा. आणि जुनं ‘टोम’ सेकंडहँड दिसलं तर घासाघीस करत बसू नका. डी अँड डी बियाँड या खेळाच्या ऑनलाइन दुकानाने ते २०२२ मध्येच विक्रीतून काढलं.