१० एक्सचं ट्रिपलेट भिंग : राणीछाप-राजाछाप रुपये पाहतानाचा अनुभव

भिंग दिवाळीच्या आधी मागवलं, आता आषाढ लागलाय. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी हातात असतंच. किंमत हजार-बाराशेच्या आतबाहेर, काच १८ मिलिमीटरची, घडी घालून कवचात जाणारं. पैसे वसूल आहेत, पण जाहिरातीत ज्यासाठी विकतात त्यासाठी नाही.

आधी आकड्यांचं बोलू. याच किमतीत ‘३० एक्स’, ‘६० एक्स’ छापलेली भिंगं ढिगाने दिसतील. नादी लागू नका. खरोखर ३० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगासमोर नाणं जेमतेम आठ मिलिमीटरवर धरावं लागतं आणि काच अगदी बारकी असते. ऐसपैस काच आणि वर ३० एक्स, हे एकत्र जमतच नाही. १० एक्सला अडीच सेंटिमीटरच्या आसपास अंतर मिळतं, त्यामुळे बाजूने दिव्याचा उजेड नाण्यापर्यंत पोचतो. ट्रिपलेट म्हणजे तीन भिंगं एकावर एक चिकटवलेली. कडेला रंगाची झालर दिसत नाही. चांदीवर चढलेली निळी-जांभळी झाक नाण्याची की काचेची, हा घोळ तिथेच मिटतो.

माझ्या भिंगात एलईडीही आहे. तो मी वापरत नाही. समोरून भसकन पडलेल्या पांढऱ्या उजेडात बारीक ओरखडे बुजून जातात. ट्यूबलाइटही उपयोगाची नाही. टेबललॅम्पमध्ये जुना पिवळा बल्ब, खोलीतले बाकीचे दिवे बंद, एवढी व्यवस्था केली तर निम्मं काम नुसत्या डोळ्यांनी होतं.

मी मुख्यतः ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये गोळा करतो, ११.६६ ग्रॅमचे, ९१.७ टक्के चांदीचे. पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया घ्या. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी तो कोट्यवधींनी पाडला. (महायुद्धात इकडे चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी इंग्रजांना विकली. त्या सालचा रुपया हातात आला की मला हे हटकून आठवतं.) घासलेला १९१८ सराफ कट्ट्यावर चांदीच्या भावाच्या थोडा वर मिळून जातो. तोच चलनात न फिरलेला, म्हणजे यूएनसी असेल, तर चांदीचा भाव बाजूला राहतो आणि संग्राहकांचा भाव सुरू होतो. या दोन्हींच्या मध्ये एयू ५८ नावाची पायरी आहे (एयू म्हणजे जवळपास न फिरलेलं, आकडा १ ते ७० च्या पट्टीवरचा). सगळी भांडणं त्या पायरीवर.

एयू ५८ म्हणजे झीज आहे, पण फक्त उंच भागांवर आणि तीही नखभर. गंमत अशी की हे नाणं पुष्कळदा एमएस (मिंट स्टेट, म्हणजे न फिरलेलं) ६१-६२ पेक्षा देखणं दिसतं. ६१-६२ चं नाणं बाजारात फिरलेलं नसतं, पण टांकसाळीच्या पोत्यात इतर नाण्यांवर आपटून त्याच्या गालावर खरचटलेलं असतं. क्रमाने ते वरचं, रूपाने खालचं. मी डोळे मिटून ५८ घेतो. पैसे कमी जातात आणि अल्बममध्ये तेच उठून दिसतं.

ओळखायचं कसं? नाणं कडेला धरून दिव्याखाली हळूहळू कलतं करायचं. ठसा बसताना धातू मधून कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. त्यांच्यामुळे न फिरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा पंख्याच्या पात्यासारखा गोल फिरतो. आता भिंग लावा आणि जॉर्जच्या भुवईवर, कानावर, मिशीवर तो पट्टा तुटतो का ते पाहा. तुटला आणि तिथे मंद राखाडी डाग दिसला, की नाणं फिरलेलं. तो भाग सपाट आहे पण पट्टा त्याच्यावरूनही अखंड सरकला, तर ती झीज नव्हे, ठसाच कमजोर बसलाय. नवखा माणूस या दोन्हींत हमखास गल्लत करतो आणि काही विक्रेत्यांना ती गल्लत सोयीची पडते.

मिरजेच्या एका व्यापाऱ्याकडे असंच झालं. “यूएनसी आहे दादा, पाकिटातनं बाहेर काढलेलं नाही.” मी त्यांच्याच टेबलावरचा दिवा ओढला आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. भुवईवर पट्टा स्वच्छ तुटत होता. त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “बरं, एयू म्हणा. पण मिशीचं केस बघा की!” मिशीचे केस खरंच सुरेख होते. मधल्या भावात सौदा झाला.

हे १ ते ७० चे आकडे आपल्याकडचे नाहीत. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही पट्टी काढली. हिशेब साधा होता : ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. बाजाराने तो हिशेब केव्हाच मोडला, पट्टी तेवढी उरली. (हेच शेल्डनसाहेब अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले सरस सेंट आपल्याकडच्या निरस सेंटांशी बदलून घेत होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आलं. बारीक फरकाचं मोल त्यांना पक्कं ठाऊक होतं.) पुढे नाण्यांना असा दर्जा, म्हणजे ग्रेड, देणाऱ्या अमेरिकन कंपन्या निघाल्या : १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी. आकडा देऊन नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायचं, म्हणजेच स्लॅब, ही रीत त्यांच्यामुळे रुळली.

स्लॅबचा सोस मला नाही. फी, कुरिअर, विमा धरला तर साध्या १९१८ च्या रुपयापेक्षा डबी महाग पडते. शिवाय शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते तुम्हा-आम्हाला परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे १९१८ चा रुपया पाकिटात घालून अमेरिकेला धाडणं हा प्रकारच बाद. एमएस ६३ आणि ६४ मधल्या फरकासाठी नेहमीच्या सालांत जादा पैसे मोजणं मला पटत नाही. तो फरक पुष्कळदा एखाद्या ओरखड्याचा असतो, तो गालावर आहे की मागच्या वेलबुट्टीत लपलाय एवढाच. १९३९ च्या रुपयासारखं दुर्मीळ नाणं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ग्रेडच्या आधी शेवटच्या ९ च्या आकड्याभोवती भिंग फिरवावं, आकडा खोडून बदललेला नाही ना ते पाहायला. स्लॅबमध्ये असेल तर त्यावरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर ताडून पाहावा, डब्याही बनावट निघतात.

भिंगाचा खरा उपयोग मला झाला तो धुतलेली नाणी पकडायला. आपल्याकडे राणीछाप रुपये लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात असतात. पूजेआधी चिंच नाहीतर रांगोळी घेऊन वर्षानुवर्षं घासलेले. लांबून लखलखीत दिसतात. भिंगाखाली राणीच्या गालावर एकाच दिशेने गेलेल्या असंख्य केसाळ रेघा आणि अक्षरांच्या खोबणीत जुनं हळदकुंकू. उजेडाचा पट्टा फिरतच नाही, सगळं नाणं एकदम चमकतं आणि एकदम विझतं. अशा नाण्याला ग्रेडिंगवाले आकडा देत नाहीत, ‘डिटेल्स’ लिहून मोकळे होतात आणि भाव धाडकन खाली येतो. कडेला टाक्याचा डाग असेल, म्हणजे कधीकाळी कडी लावून गळ्यात घातलेलं असेल, तर तसंच. घरच्या पूजेतल्या रुपयांना मात्र मी हात लावलेला नाही. आई ते यंदाही चिंचेने घासणार आणि ते योग्यच आहे.

शिवराईला यातलं फारसं काही लागू पडत नाही. हातोड्याने पाडलेलं तांब्याचं नाणं, ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात. साताऱ्याकडचे संग्राहक आधी विचारतात, ‘श्री राजा शिव’ किती उतरलंय आणि मागचं ‘छत्रपति’ वाचता येतं का. तिथे ५८ की ६२ हा प्रश्न गैरलागू. भिंग लागतं ते मळाखालचा कान्याचा शेंडा शोधायला, किंवा हिरवटपणा घट्ट पाटिना (धातूवर मुरलेला जुना थर) आहे की पसरणारी भुकटी, हे पाहायला. २०१९ च्या पुरात भिजलेली तांब्याची नाणी आमच्याकडे अजून विकायला येतात, त्यांच्यात हे पाहणं भागच असतं.

तक्रारी दोन. घडीचा स्क्रू तिसऱ्या महिन्यात ढिला झाला, चष्मेवाल्याकडून आवळून घेतला. सोबतच्या रेक्झीनच्या पाकिटात भिंग ठेवा, नाणं चुकूनही नको. मऊ पीव्हीसी आणि कृष्णाकाठची दमट हवा एकत्र आली की चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. एलईडी नसलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. वाचलेल्या पैशांत पिवळा बल्ब आणि मायलरची (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) पाकिटं येतील.