डेंटल स्कूल गाठायचंय: मोठं सरकारी विद्यापीठ की छोटं खासगी कॉलेज?

न्यू जर्सीतली भाची बारावीत आहे, तिला दंतवैद्य व्हायचंय. अमेरिकेत डेंटल स्कूल बहुतेकदा पदवीनंतरच, म्हणून आधीचं कॉलेज निवडण्यावर घरात खल चाललाय.

माहितीपुस्तिकेतले ‘आमच्या इतक्या मुलांना डेंटलला प्रवेश मिळाला’ हे टक्के बाजूला ठेवा. काही कॉलेजं कच्च्या मुलांना डेंटलच्या अर्जासाठी कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्रच देत नाहीत. मग त्यातली बरीच अर्जच करत नाहीत, टक्का फुगणारच.

खर्चात राज्यातल्या मुलांना सरकारी विद्यापीठ सहसा स्वस्त. पुढे डेंटलचं कर्ज डोंगराएवढं, त्यामुळे माझ्या लेखी हाच मुद्दा सर्वांत जड.

शिफारसपत्रांत छोटं कॉलेज सरस. ऑरगॅनिक केमिस्ट्रीला वीस-पंचवीस मुलं असली की प्राध्यापक नावानिशी ओळखतात. शेकडोंच्या वर्गात ओळख व्हायला ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत, चिकाटीने जावं लागतं.

हाताच्या सरावाला मोठं विद्यापीठ. तिथे बऱ्याचदा प्री-डेंटल क्लब असतो, मुलं मेणाचा दात कोरून बघतात. विद्यापीठाचंच डेंटल स्कूल असेल तर सोन्याहून पिवळं.

डीएटी या डेंटल प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आणि शॅडोइंगसाठी, म्हणजे दंतवैद्याचं काम शेजारी राहून बघायला, दवाखाना शोधणं, दोन्हीकडे बहुतांशी आपलं आपणच.

स्वतःहून दार ठोठावणाऱ्या मुलीने सरकारी विद्यापीठच घ्यावं. बुजरी असेल, कुणी मागे लागून करून घ्यायला हवं असेल, तर छोटं कॉलेज. पण भरघोस शिष्यवृत्ती मिळाली तरच.