काड्यांच्या पुलाचा संच: घ्यावा, पण आतला कागद बाजूला ठेवून

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात साडेतीनशेला मिळणारा हा संच. आत आइसक्रीमच्या १०० काड्या, डिंकाची बाटली, एक हूक आणि गुजराती-इंग्रजी सूचनांचा कागद. माल चांगला आहे. कागद मात्र मुलांना फसवतो.

पहिली चूक म्हणजे दोन तासांत वजन टांगायला सांगितलंय. पांढऱ्या डिंकाला पुरी ताकद यायला २४ तास लागतात, बडोद्याच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. ओला सांधा सरकतो आणि मुलाला वाटतं काडीच कच्ची. प्रत्येक सांध्यावर काड्या सेंटीमीटरभर एकमेकींवर चढवा आणि कपड्यांचे चिमटे लावून ठेवा.

दुसरी चूक चौकोनी रचना. चौकोन कोपऱ्यात दुमडतो, त्रिकोण दुमडत नाही, हे आधी चार आणि तीन काड्या टाचणीने जोडून मुलांच्या हातात द्या. मग एका बाजूला खाली ४, वर ३ आणि तिरक्या ८ अशा १५ काड्या लावा. दोन बाजूंच्या ३०, आडव्या ९. उरलेल्यात दुसरा पूल सहज होतो, आणि तो करायचाच आहे.

वजन टांगताना हूक खालच्या मधल्या सांध्यावर, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या काडीला लावा. सुट्या काडीच्या मध्ये लावलात तर फक्त तीच मोडेल आणि पुलाबद्दल काहीच कळणार नाही. बादली जमिनीपासून चार बोटं वर ठेवा आणि वाळू वाटी-वाटीने घाला.

आता नीट बघा. खालच्या काड्यांवर ताण असतो. त्या सहसा तुटत नाहीत, त्यांचा डिंक सुटतो. वरच्या काड्यांवर दाब असतो, त्या आधी बाकतात. म्हणून दुसऱ्या पुलात वरच्या काड्या दुहेरी करा. डिंकाने घट्ट चिकटलेल्या दोन काड्या एकीच्या आठपट ताठ होतात, नुसत्या एकीवर एक ठेवलेल्या फक्त दुप्पट. इतका मोठा फरक डिंकाच्या एका थराने पडतो, हे मुलांनी बोटांनी वाकवून पाहिलंच पाहिजे.

कागदात आडव्या डोलण्याचा उल्लेखच नाही, आणि बरेचसे पूल मोडतात ते कलंडून. वरच्या तीन चौकटींत सुतळी फुलीसारखी ताणून बांधा. पूल डावीकडे झुकला की एक सुतळी तणते, उजवीकडे झुकला की दुसरी. सुतळीला दाब सोसत नाही, ताण मात्र छान सोसतो. खडूचं उलट: दाबला तर टिकतो, वाकवला की ताणाच्या बाजूने तडकतो. दगड-विटांचा स्वभावही खडूसारखाच. बडोद्याच्या विद्यापीठातल्या आर्ट्स फॅकल्टीचा घुमट दाखवायला नेलंत तर त्याचा भार पायथ्याला बाहेर ढकलतो, तिथे काय आवळून धरत असेल, हे मुलांना विचारा.

दहा वर्षांपुढच्या मुलांना योग्य. लहानांसोबत मोठ्यांनी बसावं. पूल आधी काट्यावर तोला, मग वाळू. पेललेलं वजन भागिले पुलाचं वजन, हाच आकडा वहीत लिहून ठेवायचा.